महिन्यातला एक तास, बंबवाले आणि १०८ एकत्र: खान्देशच्या तिन्ही जिल्हाधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार

स.न.वि.वि.

मी खान्देशातल्या एका नगरपालिकेच्या अग्निशमन विभागातून लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झालो. एकतीस वर्षं नोकरी झाली. जिनिंगच्या (कापसातून रुई-सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांच्या) आगी, विहिरीत पडलेली माणसं आणि गुरं, नदीचे पूर, हायवेवरचे अपघात, सगळं झालं. माझी मागणी एकच आहे, ती आधीच सांगतो. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एकदा, एक तास, अग्निशमनचे जवान आणि १०८ चे डॉक्टर-चालक यांनी एकाच आवारात, एकाच भंगार गाडीवर एकत्र सराव करावा, असा लेखी आदेश आपण काढावा. तो का काढावा हे सांगायचं तर मला एका रात्रीबद्दल लिहावं लागेल. त्या रात्रीबद्दल मी आजवर घरीही फारसं बोललेलो नाही.

पौषातली थंडी होती. रात्री दोनच्या सुमाराला वर्दी आली की मक्याची पोती भरलेला ट्रक वळणावर उलटला आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसला होता. पोत्यांवर झोपलेला हमाल मात्र ट्रकच्या फाळक्याखाली सापडला होता. पंचविशीतला पोरगा. दोन्ही मांड्या आत, कमरेपासून वर मोकळा. शुद्धीवर होता. नाव सांगितलं, गाव सांगितलं. 'भाऊ, माले पानी दे,' असं सारखं म्हणत होता. आम्ही जॅक लावून पाहिला, पण शेताच्या बांधाची ओली माती, जॅकच खाली खचत होता. हायड्रा क्रेन मागवली. ती यायला दीड तास लागला.

१०८ आमच्याही आधी आलेली होती. डॉक्टर तरुण मुलगी होती, नोकरीला लागून वर्षही झालं नसेल. ती दोनदा पुढे आली आणि दोन्ही वेळा मी तिला मागे पाठवलं. 'मॅडम, डिझेल सांडलंय, तुम्ही मागेच थांबा. काढला की देतो तुमच्या ताब्यात.' हे मी तिच्या काळजीपोटीच बोललो. आमच्यात रीतच तशी होती: आतलं काम आमचं, बाहेर काढल्यावरचं त्यांचं.

क्रेनने ट्रक उचलला, आम्ही पोराला काखेत धरून बाहेर ओढला. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो हसला होता, हे मला अजून दिसतं. स्ट्रेचरवर ठेवेपर्यंत बोलत होता. ॲम्ब्युलन्सचं दार लागायच्या आत त्याची मान कलली. डॉक्टरने छाती दाबायला सुरुवात केली आणि ग्रामीण रुग्णालय येईपर्यंत ती एकटीच दाबत राहिली, कारण तिच्यासोबतचा दुसरा माणूस स्टिअरिंगवर होता. आम्ही पाच धडधाकट माणसं तेव्हा रस्त्यावर आमचे जॅक आणि दोर गोळा करत होतो. तिच्यासोबत एकाने गाडीत चढावं हे आमच्यापैकी कोणालाही सुचलं नाही.

पहाटे रुग्णालयाच्या पायरीवर चहा घेताना तिने मला समजावून सांगितलं. माणसाच्या मांडीसारखा मोठा स्नायू तासाभराहून जास्त वेळ वजनाखाली दबला, की तो आतल्या आत मरायला लागतो. त्यातून पोटॅशियम आणि इतर विषारी द्रव्यं सुटतात. वजन आहे तोवर ती तिथंच अडकून असतात. वजन उचललं, रक्त वाहायला लागलं, की ती एकदम हृदयापर्यंत जातात आणि हृदयाची लय बिघडते. त्यातून वाचला तरी नंतर मूत्रपिंडं जाऊ शकतात. याला क्रश सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले तेव्हा ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसं नंतर दगावत होती, त्यावरून १९४१ साली डॉक्टरांनी याचं वर्णन लिहून ठेवलं. म्हणजे वैद्यकातली ही जुनी माहिती. चोवीस वर्षांच्या नोकरीत माझ्यापर्यंत ती आलेली नव्हती.

उपाय काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, वजन उचलण्याआधी सलाईन सुरू करायचं, भरपूर द्यायचं, हृदयाची औषधं भरून तयार ठेवायची आणि मग तुम्हाला सांगायचं की आता उचला. तो वाचलाच असता असं ती म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, 'काका, त्याचा हात तर मोकळा होता.'

हात मोकळा होता. दीड तास आमच्याकडे होता. डिझेलवर माती टाकून, फोमची एक लाइन भरून तयार ठेवून, माझ्याकडचं जादा हेल्मेट तिच्या डोक्यावर घालून मी तिला पाच मिनिटांत त्याच्या उशाशी बसवू शकलो असतो. सलाईनची बाटली वीस पावलांवर होती. आमचं सामान कमी पडलं नाही, माणसंही कमी पडली नाहीत. आम्ही एकमेकांना ओळखतच नव्हतो.

मग आम्ही ओळख करून घेतली. कोणाची परवानगी न मागता, ड्यूटी बदलायच्या वेळी, आमच्या स्टेशनच्या आवारात. पालिकेची एक निर्लेखित, म्हणजे मोडीत काढलेली, व्हॅन तिथे सडत पडली होती. महिन्यातून एकदा असं पाच-सहा महिने चाललं. त्या पाच-सहा तासांत मी जे शिकलो ते आधीच्या चोवीस वर्षांत शिकलो नव्हतो, हे मी कोणासमोरही सांगायला तयार आहे.

पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाली, मी जखमी होते, तुम्ही मला काढा. व्हॅनच्या सीटवर बसली, आम्ही पत्रा कापणारा कटर आणि पत्रा फाकवणारा स्प्रेडर चालवले. बाहेर काढल्यावर तिचे हात थरथरत होते. म्हणाली, काच फुटली तेव्हा मला वाटलं गाडी पेटली, कोणी काही सांगतच नव्हतं. तेव्हापासून आमचा नियम झाला की एक माणूस पूर्ण वेळ जखमीजवळ राहणार, त्याच्या अंगावर घोंगडी टाकणार आणि बोलत राहणार: आता काच फुटेल, आता आवाज होईल, आता दार निघेल. हा माणूस शक्यतो त्याच्या बोलीचा असावा. शिरपूरच्या वर किंवा अक्कलकुव्याकडे अपघात झाला तर घाबरलेल्या माणसाला पुस्तकी मराठी कळत नाही. पावरी, भिली, अहिराणी बोलणारा जवान तिथे औषधाइतकाच उपयोगी पडतो.

आम्ही तिला दाखवलं की पत्रा कापण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर का काढतो, न उघडलेली एअरबॅग कुठे दडलेली असते, सीएनजीच्या गाडीत व्हॉल्व्ह कुठे असतो. ग्राइंडरच्या ठिणग्या उडत असताना शेजारी ऑक्सिजन सुरू असेल तर काय होऊ शकतं हे तिने आम्हाला सांगितलं. तिच्या गाडीत मधोमध उघडणारं स्कूप स्ट्रेचर असतं, दोन्ही बाजूंनी माणसाच्या खाली सरकवून जोडता येतं, हे मी तोवर पाहिलेलंच नव्हतं. आम्ही आपले खांदे आणि पाय धरून उचलत आलो. किती मणके आम्ही असे हलवले असतील याचा विचार मी आता करत नाही, कारण केला की झोप लागत नाही. मानेचा पट्टा बोटांनी मान मोजून कसा निवडायचा, हेही तिनेच शिकवलं. छातीचे दाब मिनिटाला १०० ते १२०, खोली पाच-सहा सेंटिमीटर, आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दमलेल्या हाताचा दाब उथळ होतो. आता आपणच बघा, १०८ मध्ये माणसं दोन. गाडी सुटली की मागे डॉक्टर एकटा. बदलायला माणूस आणणार कुठून? तो आमच्याकडे होता.

ॲम्ब्युलन्सचा चालक तर आमच्यात सगळ्यात जास्त रमला. गाडी कुठे लावायची यावर त्याची आणि आमच्या पंप ऑपरेटरची एक दिवस चांगलीच जुंपली. शेवटी दोघांनी मिळून जे ठरवलं तेच बरोबर होतं. बंब वाहतूक येते त्या बाजूला, तिरका, म्हणजे मागून येणारा ट्रक आधी बंबाला भिडेल. त्याच्या आडोशाला अपघातग्रस्त गाडी आणि तिच्या पुढे, तोंड दवाखान्याकडे करून, ॲम्ब्युलन्स. रात्रीच्या हायवेवर मदतीला आलेलीच माणसं चिरडली जातात, त्यांना वाचवायला एवढं पुरतं.

मग डॉक्टरचं कंत्राट संपलं, ती गेली. चालकाची बदली झाली. आमचेही दोन जवान कंत्राटीच होते. नव्या डॉक्टरांना मी जाऊन भेटलो. ते सज्जन होते, पण म्हणाले, वरून काही आदेश आहे का? नव्हता. व्हॅन पुढे लिलावात गेली. ओळखीवर उभं राहिलेलं काम माणूस गेला की पडतं. म्हणून हे पत्र आमच्या वरिष्ठांना न लिहिता आपल्याला लिहितो आहे. अग्निशमन पालिकेच्या हाताखाली, १०८ आरोग्य विभागाच्या. दोघांना एकत्र बोलावू शकेल असं जिल्ह्यात एकच टेबल आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ ने ते आपल्याला दिलं आहे आणि त्याच्या कलम ३० मध्ये प्रशिक्षणाची जबाबदारीही आहे.

दरवर्षी मॉक ड्रिल होतं, हे मला माहीत आहे. त्याला मी कमी लेखत नाही. कोणाचा फोन कोणाला जातो, सायरन वाजतो का, हे त्यात तपासलं जातं. पण वेळ ठरलेली असते, बघायला साहेब असतात, आणि प्रत्येक विभाग आपापली गाडी घेऊन येतो आणि आपापली घेऊन जातो. हाताला हात लागत नाही. मी म्हणतो तो तास बघ्यांशिवायचा असावा, चुका करण्यासाठीचा असावा.

आपल्या भागात याची गरज किती आहे ते आपण आकड्यांत रोज पाहता. ३१ ऑगस्ट २०१९ ला शिरपूरजवळ वाघाडीच्या रसायन कारखान्यात स्फोट झाला. १५ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि रावेरकडचे पंधरा मजूर गेले. ४ जुलै २०२३ ला पळासनेरला आग्रा रोडवर ब्रेक निकामी झालेला कंटेनर हॉटेलात शिरला. २२ जानेवारी २०२५ ला परधाडे स्टेशनजवळ, आगीच्या अफवेने रेल्वेतून उतरलेली माणसं दुसऱ्या गाडीखाली आली. या चारही ठिकाणी मी नव्हतो. जे होते त्यांनी काय केलं, काय नाही, यावर मला बोलायचं नाही. मला फक्त पुढच्या वेळेची चिंता आहे. एकदम वीस-पंचवीस जखमी समोर आले की जो जास्त ओरडतो त्याला लोक आधी गाडीत घालतात. ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो. गप्प पडलेला खरा धोक्यात असतो. लाल (आधी न्यायचा), पिवळी (थोडा थांबू शकेल), हिरवी (किरकोळ जखमी), काळी (वाचण्यापलीकडचा) चिंधी कोणाच्या मनगटाला बांधायची, हे एका डॉक्टरने पाच जवानांना आधी शिकवलेलं असेल तर पहिल्या दहा मिनिटांत पहिली गाडी योग्य माणसाला घेऊन निघते. आमच्या व्हॅनच्या तालमीत आम्ही जुन्या साड्यांच्या चिंध्या केल्या होत्या. खर्च काहीच आला नाही.

जिनिंगबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ते आपल्या मातीतलं आहे. कापसात एखादा खिळा जरी आला तरी यंत्राच्या दात्यावर ठिणगी पडते. ती ठिणगी हवेच्या पाइपातून रुईच्या ढिगापर्यंत जाते. वरून ज्वाळा विझते पण गाठीच्या पोटात आग धुमसत राहते. १७० किलोची दाबून बांधलेली गाठ, तिच्यावर पाणी मारलं तर वरच्यावर ओघळून जातं. पट्टी तोडून गाठ फोडावी लागते, पाण्यात साबणासारखं द्रव्य मिसळावं लागतं, तेव्हा पाणी आत मुरतं. हे काम दोन-दोन दिवस चालतं. साडेचार हजार लिटरचा बंब, मिनिटाला साडेचारशे लिटरची एक ब्रँच (पाण्याच्या पाइपाचं, म्हणजे होजचं, तोंड) धरली तरी दहा मिनिटांत रिकामा. म्हणजे बंबांच्या फेऱ्या सुरू, रस्ताभर भरलेले होज आडवे. अशाच एका आगीत धुराने गुदमरलेल्या कामगाराला घेऊन निघालेली ॲम्ब्युलन्स आमच्या होजमागे अडकली. होजवरून चाक नेलं तर तो फुटतो आणि आत ब्रँच धरलेल्या जवानाचं पाणी तुटतं. नाही नेलं तर इकडे माणूस जातो. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या टाकून उतार केला की गाडी सुखाने जाते. त्या फळ्या आमच्या गाडीत होत्या, ड्रायव्हरच्या सीटमागे. चालकाला ते ठाऊक नव्हतं आणि मागायचं कोणाकडे हेही ठाऊक नव्हतं. दहा-बारा मिनिटं गेली असतील. तो कामगार वाचला, नशिबाने.

आणि आमच्या जवानांचं काय? श्वसनयंत्राची सहा लिटरची बाटली ३०० बारला भरली की साधारण १८०० लिटर हवा. शांत माणसाला ती पाऊण तास पुरेल, पण गाठी ओढणारा माणूस ती निम्म्या वेळात संपवतो. हवा संपत आल्याची शिट्टी वाजली की बाहेर. बाहेर आला की त्याला कोण बघतं? जळगाव-भुसावळचा मे महिना, पारा ४५ च्या घरात, अंगावर जाड कोट. आमच्यात पाणी तोंडावर मारून परत आत जायची पद्धत आहे, तिला मर्दुमकी समजतात. आगीजवळ 'पेशंट नाही' म्हणून १०८ परत गेलेली मी अनेकदा पाहिली आहे. पेशंट आत होते, त्यांच्या अंगावर आमचा गणवेश होता. बाहेर आलेल्या प्रत्येक जवानाची नाडी बघणं, त्याला सावलीत बसवून कोट काढायला लावणं, ओआरएस देणं आणि गरज पडली तर 'तू आता आत जायचं नाहीस' असं सांगणं, हा अधिकार डॉक्टरला द्या. आमच्या लोकांना तो एकत्र सरावातूनच पटेल, कागदावरून पटणार नाही.

१०८ ची सेवा २०१४ मध्ये राज्यात ९३७ गाड्यांनी सुरू झाली. त्यातल्या २३३ प्रगत सोयींच्या, ७०४ प्राथमिक सोयींच्या, आणि प्रत्येकीत डॉक्टर. ही मोठी गोष्ट आहे. आमच्या तरुणपणी जखमीला मेटॅडोरमध्ये घालून नेत असू. डॉक्टर रस्त्यापर्यंत आला आहे. शेवटची वीस पावलं राहिली आहेत.

नंदुरबारच्या जिल्हाधिकारी महोदयांना वेगळं सांगायला हवं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर बंब पोहोचत नाही, कित्येक ठिकाणी ॲम्ब्युलन्सही नाही. तिथे बांबूला बांधलेली झोळी हीच पहिली ॲम्ब्युलन्स आणि ती वाहणारी पोरं हेच पहिले जवान. तिथला सराव ग्रामीण रुग्णालयाच्या अंगणात त्या पोरांसोबत व्हावा. दरीत पडलेल्याला झोळीत दुमडून नेण्याऐवजी दाराच्या फळीवर सरळ बांधून कसं न्यायचं, रक्त वाहत असेल तर कुठे आणि किती दाबायचं, एवढं शिकवलं तरी पुष्कळ आहे. आणि वाट कशी काढायची हे ती पोरं डॉक्टरांना शिकवतील.

अडचणी मला सांगितल्या जातील, त्या मी आधीच मांडतो. माणसं कमी आहेत, खरं आहे. म्हणून सराव ड्यूटीवरच्या माणसांनी, उभ्या गाड्यांसोबत, फोन चालू ठेवून करायचा. वर्दी आली, कॉल आला, तर तिथूनच निघायचं. आमच्याबाबतीत दोनदा तसं झालं आणि दोन्ही वेळा आम्ही रोजच्यापेक्षा लवकर सुटलो, कारण सगळे बूट घालूनच उभे होतो. पैशांचं म्हणाल तर निर्लेखित घंटागाडी प्रत्येक पालिकेच्या आवारात असते, तेवढी लिलावातून राखून ठेवायचा हुकूम पुरे. दोन हेल्मेट आणि दोन जॅकेटं प्रत्येक १०८ मध्ये डॉक्टर-चालकाच्या मापाची असावीत. तेवढा एकच खर्च मी मागतो. आणि कोण आलं, काय केलं, काय चुकलं याची एक वही असावी. ती दर तिमाहीला आपल्या बैठकीत उघडली जावी. वही उघडली जाते हे कळलं की तास चुकत नाही, हा माझा सरकारी नोकरीतला अनुभव आहे.

१४ एप्रिलला आम्ही अग्निशमन दिन पाळतो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजावर स्फोट झाला आणि ६६ जवान गेले. त्या जहाजात स्फोटकांसोबत कापसाच्या गाठी होत्या आणि आग कापसात लागलेली होती. दरवर्षी मानवंदना देताना मला आपल्या जिनिंग आठवतात. येत्या १४ एप्रिलला मानवंदना झाली की त्याच आवारात पहिला तास सुरू करावा, १०८ च्या गाडीला आत बोलावून.

तिन्ही जिल्ह्यांत कुठेही बोलावलं तरी मी स्वखर्चाने येईन. गुडघे दुखतात, स्प्रेडर आता उचलवत नाही. पण घंटागाडीत जखमी म्हणून बसता येतं.

आपला,
एक निवृत्त लीडिंग फायरमन